कुठे लावलाय, सांगा

सिग्नल सुटला तरी ती हलली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले, स्कूटरवर पुढ्यात उभ्या असलेल्या मुंगीने ‘आई, हिरवा झाला’ म्हणत हँडलवरची तिची बोटं दाबली, तेव्हा कुठे स्कूटर पुढे सरकली. आडव्या रस्त्याने एक गाडी गेली होती. गोल दिवे, फुगीर गाल, मागे उतरत गेलेली पाठ. बाबांच्या गाडीची सख्खी बहीण म्हणावी अशी, आणि नखशिखांत निळी. आकाशसुद्धा कधी इतकं एकसारखं निळं नसतं. चालवणाऱ्याने कोपर खिडकीबाहेर टाकलं होतं, लोक माना वळवून बघत होते. तिनेही बघितलं, आणि तिच्या पोटात काहीच हललं नाही. धक्का बसला तो त्याचा. जिच्या मागच्या सीटवर आपलं अर्धं बालपण झोपेत गेलं, तशीच गाडी समोरून जावी आणि आत काही म्हणून हलू नये? ती लहान असताना बाबांनी एकदा मिशी काढली होती. कितीतरी दिवस ती त्यांच्या कडेवर गेली नव्हती. आवाज बाबांचा, हात बाबांचे, तोंड मात्र भलत्याच माणसाचं. आताही तसंच काहीसं झालं होतं, फक्त रडू आलं नव्हतं, आणि तिला वाटलं, रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

मुंगीला शाळेत सोडून ती कामावर गेली. मुंगीचं खरं नाव वेगळं होतं, पण रांगायला लागल्यापासून जमिनीवरचा प्रत्येक कण उचलून तोंडात घालायची म्हणून मुंगी. आता पाच वर्षांची झाली, मोत्यासारखं बोलायला लागली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ती स्वतः दातांच्या लॅबमध्ये होती. कुणाचा पडलेला, कुणाचा तुटलेला, असे दात करायचे आणि त्यांना रंग द्यायचा हे तिचं काम. नवशिके छान पांढराशुभ्र दात करतात आणि तोंडात बसवला की तो ओरडायला लागतो. तिचे दात ओरडत नसत. मुळाशी किंचित चहा प्यायल्यासारखा तपकिरी, कडेला काचेसारखा, मध्ये कुठे केसासारखी एक रेघ. शेजारचा दात जितका झिजला असेल तितका तिचाही झिजलेला. लॅबचे मालक म्हणत, हिचा दात जन्मापासून तोंडात असल्यासारखा गप्प बसतो. आज मात्र भिंगाखाली धरलेला दात पुन्हा पुन्हा निळसर दिसत होता. जेवणाच्या सुट्टीत गाड्यांचे पत्रे ठोकून रंगवणाऱ्या डेंटिंगवाल्याचा फोन आलाच. सोमवारी जागा मोकळी होतेय, तुमच्या बाबांची गाडी आत घेऊ का, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा. तिने सकाळी दिसलेल्या गाडीबद्दल विचारलं तर गडी खूशच झाला. ती त्यानेच केली होती. सगळा रंग खरवडून पत्र्यापर्यंत नेला आणि मग नवा चढवला. तुमचीही तशीच करून देतो, ओळखू येणार नाही. तेच तर, ती म्हणाली. त्याला वाटलं ती हो म्हणतेय. मग त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला, गाडी पहिल्यांदा बघायला आला होता तेव्हाचा. तुमच्या गाडीवर निळे आहेत पाच-पंचवीस. यातला खरा कुठला? मला एक धरून पुढे जायचं तर कुठला धरू?

निळे पाच-पंचवीस नव्हते, पण त्याची चूक नव्हती. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. डाव्या हातात टोकाला चिंधी गुंडाळलेली काठी, तिच्यावर टेकवलेलं उजवं मनगट, आणि ब्रश असा सरकायचा की बघणाऱ्यानेही श्वास धरावा. रंग त्यांनी कधी मापून केला नाही. डब्याच्या झाकणात थोडा हा, थोडा तो, मग काडीच्या टोकावर काळा, आणि डोळे बारीक करून बघायचे. रंगांना त्यांची स्वतःची नावं होती. सायीचा, ओल्या विटेचा, रुसलेला लाल. गाडीचा निळा म्हणजे उजाडतानाचा. उजाडताना म्हणजे केव्हा, असं तिने एकदा विचारलं होतं. पहिला पक्षी ओरडतो ना, त्याच्या जरा आधी, असं त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की तिला वाटलं, सगळ्या जगाला हे ठाऊक असणार. गाडी घेतली तेव्हाच म्हातारी होती आणि त्यांची गल्ली अरुंद. भिंती अंग घासायच्या, सायकली हँडल लावून जायच्या. मग वर्षातून एकदा, थंडी ओसरली की, बाबा शेडमध्ये बसून ओरखडे भरायचे. त्या दिवशी आईला आणि तिला शेडमध्ये पाऊल टाकायला बंदी. ओला रंग खोटं बोलतो, ते म्हणायचे, वाळला की मग खरं काय ते सांगतो. दुसऱ्या दिवशी दार उघडायचं, दोघींना उंबऱ्यावर उभं करायचं आणि हात मागे बांधून विचारायचं, “कुठे लावलाय, सांगा.”

घरातला हाच तो सण. दोघी गाडीभोवती फिरायच्या, नाक पत्र्याला लावून वास घ्यायच्या, उकिडव्या बसून उजेडाच्या रेषेत बघायच्या. तिला वाटायचं आपण नक्की शोधणार, आणि सापडायचा नाही. खरोखर सापडायचा नाही. गाडी नितळ असायची, पाण्यासारखी, आणि बाबा टाळी वाजवून म्हणायचे, “हरलात.” मग दोघींना गाडीत घालून शहराबाहेर दूरवर एक चक्कर व्हायची, खिडक्या उघड्या, रंगाचा वास मागे मागे येतोय, आणि आई पुढच्या सीटवर हरल्याच्या आनंदात डोळे मिटून बसलेली. हरण्यात इतका आनंद असतो हे तिला मोठेपणी कुणाला पटवून देता आलं नाही. नवऱ्याला तिने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग मी तर रोजच आनंदात असायला हवा.

पुढे तिचं लग्न झालं, पण थंडी ओसरली की ती यायचीच. अशाच एका वर्षी दार उघडलं आणि तिला उंबऱ्यावरूनच दिसलं. मागच्या चाकाच्या वर एक डाग, हिरवट, तळ्याच्या काठचं पाणी असतं तसा. तिला आधी वाटलं बाबांनी मुद्दाम केलाय, गंमत म्हणून. ती बोलणार तेवढ्यात आई पुढे गेली. आईने त्या डागाकडे बघितलंही नाही. सरळ पुढच्या दिव्यापाशी गेली, वाकली, बोटाने पत्रा चाचपला आणि म्हणाली, “इथे?” बाबा खूश होऊन नाही म्हणाले. आईने वळून तिच्याकडे पाहिलं. एवढंच, एक पाहणं. आणि तिला कळलं की आईला हे आजच कळलेलं नाही. भाजी निवडताना, पेपर वाचून दाखवताना, बाबांनी निळा मोजा काळ्याबरोबर घातला तेव्हा, असं कधीपासून तरी आईला ठाऊक होतं. मग ती स्वतः डिकीपाशी गेली आणि बोट ठेवून म्हणाली, “मग इथे?” हरलात, बाबा म्हणाले, आणि चक्कर झाली. त्यानंतर दरवर्षी. डाग वाढत गेले, एक शेवाळी, एक राखाडी, एक तर असा की कुणी तरी सांडून गेल्यासारखा, आणि त्या दोघी दरवर्षी गाडीभोवती अधिकाधिक लांब लांब शोधत राहिल्या. वाईट वाटायचं असं म्हणवत नाही. खरं तर त्या वर्षांमधल्या चकरा तिला जास्त आठवतात. आधीच्या चकरांत ती झोपून जायची.

गिऱ्हाइकं मात्र हा खेळ खेळली नाहीत. एका औषधवाल्याने पाटी परत पाठवली, मग आणखी कुणी, आणि अशी वरात डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत पोचली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून बसलेला. शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली, घरी आले. चहा ठेवू का म्हणून आई विचारतेय तोवर बाबा मागच्या दाराने शेडमध्ये गेले होते. दोघी मागोमाग गेल्या आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. बाबा गाडीभोवती फिरत होते. पत्र्यावरून बोट फिरवत, एकेका डागापाशी थांबत, पुढे जात. शेडच्या फटीतून ऊन आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, कुठेतरी नळ टपटपत होता, तिच्या चपलेचा एक बंद सैल झाला होता. हे सगळं तिला आठवतं, कारण ती खाली बघत होती. सगळी फेरी झाल्यावर बाबा म्हणाले, “नाही बुवा. मलाही नाही सापडला.” आणि घरात गेले. पुढच्या काही दिवसांत त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली, घट्ट, चारी बाजूंनी दोरी बांधून, आणि ती पुन्हा काढली नाही. आता वय झालं, रात्रीचं चालवणं नको, असं काहीबाही म्हणत राहिले. मुंगीचा जन्म त्यांनी पाहिला, तिच्या पाळण्यावर एक चांदणी रंगवली, पिवळी, अगदी खरी पिवळी, आणि मग एका सकाळी ते उठलेच नाहीत. ‘मलाही नाही सापडला’ हे वाक्य बोलताना बाबा हसत होते का? तिला फक्त एवढंच हवं होतं. कुणी विचारलं असतं की तुला वडिलांचं काय हवंय, तर तिने घर मागितलं नसतं, गाडीही मागितली नसती. तेवढं त्यांचं तोंड दाखवा म्हणाली असती. आवाजावरून कळत नाही. तो आवाज तिने आतल्या आत इतक्यांदा वाजवून पाहिला होता की आता तो झिजला होता. कधी त्यात गंमत ऐकू यायची, कधी नुसती लाज. मुंगीला भरवताना, स्कूटर पुसताना, भिंगाखाली कुणाचा तरी सुळा धरलेला असताना, ती मनातल्या मनात चपलेवरून नजर उचलू बघायची, आणि नजर उचलली की तिथे ऊन असायचं आणि धूळ.

आता शेडही राहिलं नव्हतं. वादळात त्याचं आढं खाली आलं ते थेट गाडीवर. काच फुटली, उजवं दार आत गेलं, त्यावरचा पत्रा कागदासारखा चुरगळला. आई एकटी त्या घरात किती दिवस काढणार, म्हणून घर सोडून तिने लेकीकडे यायचं ठरलं होतं. घराला भाडेकरू मिळाले होते आणि त्यांना महिनाअखेर परस मोकळं हवं होतं. गाडी एकतर डेंटिंगवाल्याकडे जाणार होती नाहीतर भंगारात. खरवडून एकसारखी निळी केली, तर ती सिग्नलवरच्या त्या गाडीसारखी होऊन फिरेल, सुंदर आणि परकी, आणि बाबांनी ज्या डागांवर बोट ठेवून ते वाक्य म्हटलं ते डागच उरणार नाहीत. काहीच केलं नाही तर गंज आहेच. तो कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. नवऱ्याने समजूतदारपणे सांगून पाहिलं होतं, खाली एका गाडीची जागा आहे आपल्याला, स्कूटर मी वाटल्यास पलंगाखाली झोपवतो, पण ठरव काय ते. ठरवायचं काय हेच तिला त्याला सांगता येत नव्हतं. ताडपत्री पहिल्यांदा काढली त्या दिवशी मुंगी बरोबर होती. ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली, मागच्या चाकावरच्या हिरवट डागापाशी थांबली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “आई, या निळ्याला बरं नाहीये.” इतक्या वर्षांत ही गोष्ट प्रथमच कुणीतरी मोठ्याने बोललं होतं. तिने मुंगीला जवळ ओढलं ते लाडाने की तोंड बंद करायला, तिचं तिलाच कळलं नाही.

शनिवारी दुपारी, मुंगी झोपल्यावर, ती आईला सामान आवरू लागायला गेली. आई स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. प्रत्येक भांडं गुंडाळायच्या आधी ती ते उजेडात धरून बघायची, जणू आत कुणी राहून गेलंय का ते तपासतेय. तिने बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि मग विचारलं, त्या दिवशी, शेडमध्ये, बाबा हसत होते का गं? कुठला दिवस हे आईला सांगावं लागलं नाही. आईच्या हातातला कागद तसाच राहिला.

“मला काय ठाऊक. मी कुठे त्यांच्याकडे बघत होते? मी तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, ही आता रडते की काय.”

म्हणजे कुणीच पाहिलं नव्हतं. तीन माणसं एका शेडमध्ये, आणि ज्याचं त्याचं तोंड ज्याच्या त्याच्यापाशी. तिला एकदम हसू आलं. आई पुढचं भांडं घेत म्हणाली, माझी आमटी इतक्यांदा खारट झाली, एकदा तरी तुझ्या बापाने सांगितलं? दुसरी वाटी मागून घ्यायचे आणि मग तांब्याभर पाणी प्यायचे. मी कधी विचारायला गेले नाही, खरंच आवडली का म्हणून. विचारून काय मिळालं असतं, आमटी गोड झाली असती? एवढं बोलून आई वाट्या मोजू लागली आणि मोजता मोजता म्हणाली, “त्या गाडीचं काय ते कर बाई. पण ती एका रंगाची करू नकोस. मला ओळखू येणार नाही ती, आणि मग मी बसायची नाही तिच्यात.”

डेंटिंगवाल्याला तिने सगळं नीट सांगितलं. दार बाहेर काढ, पत्रा ठोकून सरळ कर, काच घाल, गंज धरलाय तिथे थांबव. बाकी रंगाला हात लावायचा नाही. दारावर अस्तराचा करडा हात देऊन सोडून दे, वरचा रंग मी देईन. मग त्याने विचारलं, कशाने? ब्रशने, ती म्हणाली. “ताई, गाडी आहे ती, फाटक नाही. रेघा दिसतील.” दिसू देत, ती म्हणाली. त्याने मोठा सुस्कारा टाकला आणि एक अट घातली: कुणी विचारलं की काम कुठे केलं, तर त्याचं नाव सांगायचं नाही.

गाडी आली ती त्यांच्या इमारतीखाली, स्कूटरच्या जागेत. नव्या काचेत आकाश दिसत होतं, दार सरळ झालं होतं, करडं, कोऱ्या पाटीसारखं. बाकीच्या अंगावर बाबांची सगळी वर्षं तशीच. रविवारी दुपारी मुंगी आजीच्या कुशीत झोपली होती तेवढ्यात ती बाबांचं रंगांचं खोकं घेऊन खाली उतरली. बहुतेक डबे दगड झाले होते; निळा आणि पांढरा तिने नवा आणला होता. ब्रश मात्र त्यांचाच होता, चपटा, मुठीपाशी अंगठ्याच्या जागी खोलगट झालेला. तिचा अंगठा त्या खळग्यात मावून वर जागा उरली. लॅबमध्ये ती नमुना समोर धरल्याशिवाय रंगाला हात लावत नसे. आज तिने नमुना धरला नाही. कुठला धरणार? आधीचा, नितळ, जो सापडायचा नाही तो? की हिरवट, ज्याला बरं नव्हतं तो? ती डोळे मिटून झाकणात काडी फिरवत राहिली. पहिल्या पक्ष्याच्या जरा आधी. खिडक्या उघड्या, वास मागे मागे येतोय, आई डोळे मिटून बसलेली. थोडा पांढरा, काडीच्या टोकावर काळा. डोळे उघडून बघितलं, पुन्हा मिटले. मग ती दारावर ब्रश ओढू लागली, वरून खाली, श्वास धरून. कुठून तरी कुकरच्या शिट्टीचा आवाज, जिन्यात कुणाच्या तरी चपला. रंग ओला होता आणि तो अगदी तोच होता. तिला इतकं बरं वाटलं की ती तिथेच, फरशीवर, गाडीला पाठ टेकून बसून राहिली, आणि मुंगी उठल्याची हाक आली तेव्हा तिला वाटलं की आपल्यालाच कुणीतरी झोपेतून उठवतंय.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन ती आधी गाडीपाशी गेली. रंग वाळला होता. गडद झाला होता, आणि नुसता गडद नव्हे, जांभळ्याकडे झुकला होता, संध्याकाळचा झाला होता. रेघाही होत्या, वरून खाली, पावसाच्या ओघळांसारख्या. ते दार लांबून, रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा दिसलं असतं. जिचा दात कधी ओरडला नाही तिने हा रंग केला होता. तिने नखाने कडेला टोकरून पाहिलं. खरवडून पुन्हा करता आलं असतं, एका दुपारचं काम. ती तशी उभी असतानाच जिन्यावर पावलं वाजली. मुंगी आजीचा हात धरून एकेक पायरी मोजत खाली येत होती. दोघी शेवटच्या पायरीवर थांबल्या. तिने हात मागे बांधले होते, हे तिला तेव्हा कळलं. आणि तोंडातून शब्द बाहेर आले, आधी ठरवून ठेवल्यासारखे.

“कुठे लावलाय, सांगा.”

मुंगीचा हात तत्काळ वर झाला, बोट सरळ दाराकडे, तोंड उघडं. पण आई तिच्या आधी निघाली होती. गुडघ्यावर हात टेकत, गाडीच्या मागच्या बाजूने, दाराकडे न बघता. डिकीपाशी जाऊन तिने चष्मा नाकावर सरकवला, वाकून बघितलं, बोट फिरवलं.

“इथे?”

नाही, ती म्हणाली. मुंगीने आजीकडे बघितलं. मग दाराकडे. मग पुन्हा आजीकडे, जरा जास्त वेळ. उचललेलं बोट हवेतच राहिलं, आणि हळूहळू वाकून मुठीत गेलं. मग ती पायरीवरून उतरली, दाराच्या अगदी जवळून, फ्रॉक घासेल इतक्या जवळून, पुढे गेली, आणि पुढच्या गोल दिव्यापाशी उकिडवी बसली.

या वेळी तिने नजर खाली घातली नाही. मुंगीने ओठ आत ओढून घट्ट मिटले होते, गाल फुगले होते, नाकपुड्या थरथरत होत्या, आणि सगळं तोंड असं लाल झालं होतं की आता फुटेल की मग फुटेल. ती बघत राहिली. इतकी वर्षं तिथे नुसतं ऊन होतं आणि धूळ.

“मग इथे?” मुंगीने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “हरलात. चला, बसा गाडीत.”